भिंतीतून भरणारा रांजण

१९९७ साली कॅरिबियन समुद्रात, क्युरासाव बेटाच्या किनाऱ्याजवळ, एक स्पंज मेला. अंगाला रोग लागला, मांस कुजून गळू लागलं आणि अल्पावधीतच प्रवाळभित्तीवरची त्याची जागा मोकळी झाली. स्पंज रोज मरतात. त्यांच्या मृत्यूची बातमी शास्त्रीय नियतकालिकात येत नाही. याची आली, कारण हा दोन मीटरांहून रुंद होता आणि पाणबुडे त्याला ओळखीच्या माणसासारखे ओळखत होते.

पुढे २००८ मध्ये स्टीव्हन मॅकमरी, जोसेफ पॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या की लार्गोजवळच्या कॉन्च रीफवरच्या याच जातीच्या स्पंजांच्या वाढीची मोजमापं प्रसिद्ध केली. खुणा केलेल्या स्पंजांची छायाचित्रं काही वर्षांच्या अंतराने घ्यायची, आकारमानातला फरक काढायचा आणि त्यावरून वाढीचं सूत्र बसवायचं, अशी ही पद्धत. त्या सूत्रात क्युरासावच्या मेलेल्या स्पंजाचं माप घातलं, तर उत्तर आलं सुमारे २,३०० वर्षं. म्हणजे तो रुजला तेव्हा मगधात मौर्यांचं राज्य होतं. वर्ध्याजवळच्या पवनारला वाकाटकांची राजधानी प्रवरपूर होती असं वा. वि. मिराशी मानत, ती राजधानी वसली तेव्हा हा स्पंज सातशे वर्षांचा झालेला असणार. अर्थात, आकडा तोंडात बोट घालायला लावणारा असला तरी तो अंदाज आहे. झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्षाची वर्तुळं स्पंजात नसतात, आणि काही वर्षांच्या वाढीवरून हजारो वर्षं मागे जायचं म्हणजे धाडसच. शंभर वर्षांचा मोठा स्पंज म्हटलं तर कुणी वाद घालणार नाही. दोन हजारांच्या पुढे गेल्यावर मी तरी ‘सुमारे’ या शब्दावर जोर देऊन वाचतो.

या जातीचं नाव झेस्टोस्पाँजिया म्यूटा. आपल्या बाजूच्या समुद्रात तिची सख्खी बहीण राहते, झेस्टोस्पाँजिया टेस्टुडिनारिया. तिचं वर्णन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. तांबड्या समुद्रापासून इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियापर्यंत ती पसरली आहे आणि भारतात मन्नारच्या आखातातून तिची नोंद आहे. दोघींचा घाट एकच: जुन्या वाड्याच्या परसात अर्धा पुरलेला असतो तसा रांजण, वर रुंद तोंड, आत पोकळी आणि बाहेरून उभ्या खोल पन्हळी. उंची मीटरभर किंवा त्याहून जास्त. लहान मूल आत सहज उभं राहील. म्हणून आपण याला रांजणस्पंज म्हणू. फरक एवढाच की हा रांजण तोंडातून भरत नाही. तो भिंतीतून भरतो आणि तोंडातून रिकामा होतो, आणि हे चक्र जवळजवळ अखंड चालू असतं.

दहावीच्या विज्ञानात रंध्रीय प्राणीसंघ शिकताना ऑस्टिया आणि ऑस्कुला हे शब्द सगळ्यांनी पाठ केले आहेत. ऑस्टिया म्हणजे भिंतीवरची बारीक छिद्रं, ऑस्कुला म्हणजे पाणी बाहेर पडायचं दार. या दोन शब्दांच्या मधे काय घडतं हे मात्र परीक्षेला येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. छिद्रातून शिरलेलं पाणी एकाहून एक अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांतून सूक्ष्म कोठड्यांत पोचतं. त्या कोठड्यांना कॉलर पेशींचं अस्तर असतं. प्रत्येक पेशीला चाबकासारखी एक शेपटी आणि शेपटीभोवती बारीक तंतूंची कॉलर. शेपटी हलते, पाणी पुढे ढकललं जातं, कॉलर त्यातले कण अडवते. एका शेपटीची ताकद नगण्य. रांजणाएवढ्या देहात अशा शेपट्यांची गणती करणं अशक्य. हृदय नाही, मज्जातंतू नाहीत, पोट नाही, आणि तरीही हा प्राणी दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी उपसतो.

हे डोळ्यांना दाखवायची पाणबुड्यांची एक ठरलेली युक्ती आहे. फ्लुओरेसीन नावाचा निरुपद्रवी हिरवा रंग पिचकारीने स्पंजाच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूला सोडायचा. रंग भिंतीला चिकटतो, दिसेनासा होतो आणि थोड्याच वेळात रांजणाच्या तोंडातून हिरवा लोट वर निघतो. कॉन्च रीफवरच्या सगळ्या रांजणस्पंजांचा उपसा एकत्र धरला, तर त्यांच्या डोक्यावरचं सुमारे ३० मीटर उंचीचं सगळं पाणी त्यांच्या अंगातून जायला महिना लागत नाही. हिशोब दिवसांत आणि आठवड्यांतच होतो.

एवढं पाणी गाळून मिळतं काय? प्रवाळ समुद्राचं निळंशार पाणी म्हणजे उपाशी पाणी. निळं दिसतं कारण त्यात फारसं काही नसतं. चार्ल्स डार्विनने प्रवाळभित्तींवर १८४२ साली पुस्तक लिहिलं; पौष्टिक द्रव्यांचा असा दुष्काळ असलेल्या पाण्यात जीवांची एवढी दाटी कशी काय टिकते, हे कोडं आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं. उत्तराचे काही तुकडे फार पूर्वीच सापडले: प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल, जिवाणूंचं नायट्रोजन बांधणं, वगैरे. स्पंजाचा तुकडा मात्र उशिरा सापडला.

त्याचं कारण असं की स्पंज काय खातो ते दिसत नाही. कॉलर पेशी जिवाणू आणि सूक्ष्म शैवाल टिपतात, आणि फार सफाईने टिपतात. आत गेलेल्या दहांतले साधारण नऊ बाहेर येत नाहीत. पण समुद्रातलं बहुतेक सेंद्रिय द्रव्य कणांच्या रूपात नसतंच, ते विरघळलेलं असतं. प्रवाळ आणि शैवाल अंगातून साखरेसारखी द्रव्यं सतत पाझरवत असतात. मासा ते खाऊ शकत नाही, खेकडा खाऊ शकत नाही. स्पंज खातो. २०१३ साली डच शास्त्रज्ञ यास्पर दे खूय आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये पुढची कडी दाखवली. क्युरासावच्या प्रवाळभित्तींतल्या कपारींमध्ये पातळ थरासारखे पसरणारे स्पंज हे विरघळलेलं अन्न शोषतात, पण त्याने फारसे वाढत नाहीत. मग अन्न जातं कुठे? त्यांच्या कॉलर पेशी काही तासांत विभागतात आणि जुन्या पेशी तितक्याच वेगाने गळून पडतात. त्या गळालेल्या पेशींचा गाळ बारीक शंख, किडे, झिंगे खातात. त्यांना मासे खातात. कुणाच्याच तोंडी न लागणारं अन्न असं पुन्हा पंगतीत येतं.

ही गोष्ट इतकी देखणी आहे की ती लगेच सगळ्या स्पंजांना लावली गेली. लोकप्रिय लेखांत तर रांजणस्पंजालाच या साखळीचा नायक केलं जातं. इथे थांबायला हवं. मॅकमरी आणि पॉलिक यांनी रांजणस्पंजाच्या आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी तपासलं तेव्हा विरघळलेलं अन्न हा त्याच्या आहाराचा मोठा भाग निघाला. पण अपेक्षेप्रमाणे गाळ बाहेर पडताना काही दिसेना. कपारीतल्या पातळ स्पंजाला पसरायला जागाच नसते, म्हणून त्याचं खाल्लेलं गळून जात असावं. रांजणाला वाढायला मोकळं आकाश आहे. तो खातो आणि वाढतो. काहींच्या मते पेशी गळतात, पण त्या भिंतीवरच्या चिकट स्रावात अडकून हळूहळू उतरतात. वाद मिटलेला नाही, आणि मला वाटतं तो लवकर मिटू नये. ‘सायन्स’मधल्या एका सुंदर आकृतीने नऊ हजारांवर जातींचा प्राणीसंघ समजून घ्यायचा मोह त्यामुळे आवरला जातो.

पाण्यात रांजणस्पंज काय सोडतो हे मात्र बऱ्यापैकी कळलं आहे. रांजणस्पंजाच्या मांसात जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. त्यांतले काही प्रकाशसंश्लेषण करतात. स्पंजाचा तपकिरी-तांबूस रंग त्यांच्यामुळे, आणि ते गेले की स्पंज प्रवाळासारखाच पांढरा पडतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. म्हणजे रांजणाच्या तोंडातून वर जाणारं पाणी जिवाणूंच्या बाबतीत स्वच्छ असतं आणि खताच्या बाबतीत श्रीमंत. हे चांगलं की वाईट? निरोगी प्रवाळभित्तीवर चांगलं. पण कॅरिबियनमध्ये गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत प्रवाळ मेले, त्यांच्या जागी मोठं शैवाल आलं. शैवाल भरपूर साखर पाझरवतं, ती स्पंज खातो, स्पंजातून निघालेलं नायट्रेट शैवालाला मिळतं, आणि दोघांच्या मधे प्रवाळाला जागा उरत नाही. पॉलिक यांनी मांडलेलं हे दुष्टचक्र अजून गृहीतक आहे. पण कॉन्च रीफवर प्रवाळ घटत असताना रांजणस्पंज वाढत गेले हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलेलं आहे. ‘समुद्राचं फिल्टर’ असं गोड नाव देऊन त्याला पाणी शुद्ध करणारा सेवक ठरवणं म्हणूनच मला पटत नाही. त्याच्या उपशाने कुणाचं भलं होतं, हे शेजारी कोण राहतं त्यावर ठरतं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या समुद्रात एकाच रांजणावर पूर्ण गाव सापडतं. बाहेरच्या पन्हळींत जेमतेम सेंटिमीटरभराचा, गुलाबी-जांभळा, अंगभर पांढरे केस असलेला एक जीव लपतो: लॉरिया सियागियानी. दिसायला खेकडा आणि शेवंड यांच्या मधला. पाण्याखालचे छायाचित्रकार तासन्‌तास त्याच्या मागे असतात. भिंतीवरून पांढऱ्या सुतळीसारख्या समुद्रकाकड्या, सिनॅप्टुला, शेकड्यांनी लोंबतात आणि स्पंजाच्या त्वचेवर साचलेलं सेंद्रिय द्रव्य पुसून खातात. आत गोबी मासे, झिंगे, तंतुतारे. फ्लोरिडाकडे पोपटमासे रांजणाला चक्क चावे घेतात. स्पंजांवर गुजराण करणारं चोचीचं कासव आपल्याही समुद्रात आहे. वर्षातून ठरावीक दिवशी नर आणि मादी रांजण एकाच वेळी बीज सोडतात, आणि तोंडातोंडातून धुराचे लोट निघतात. मग सगळी भित्ती जत्रेसारखी जमते.

महाराष्ट्राच्या समुद्रात प्रवाळाचा सगळ्यात मोठा विस्तार किनाऱ्याला लागून नाहीच. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आसपास आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर येतो आणि नदीचा गाळ तिथवर पोचत नसल्याने पाणी नितळ असतं. प्रवाळांबरोबर तिथे स्पंजही आहेत. भारतीय कायद्याची नजर मात्र या दोघांवर सारखी पडली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत २००१ साली प्रवाळ आले, समुद्रपंखे आले, आणि स्पंजांपैकी आले ते फक्त चुन्याचा सांगाडा असलेले. रांजणस्पंज त्यात बसत नाही, कारण त्याचा सांगाडा चुन्याचा नसून काचेचा आहे.

आणि या काचेपाशी आपण वर्ध्याला येतो.

रांजणाच्या भिंतीला कणखरपणा देणाऱ्या सूक्ष्म सुया, ज्यांना कंटिका म्हणतात, सिलिकाच्या असतात. आपण काच करायची तर भट्टी हजार अंशांच्या वर तापवतो. स्पंज समुद्राच्या थंड पाण्यात, एका प्रथिनाच्या आधाराने, ती कणाकणाने बसवतो. कच्चा माल पाण्यात विरघळलेला असतो आणि त्याचा मोठा पुरवठा नद्या करतात. नद्यांना तो मिळतो खडकातून. दख्खनचा काळा पाषाण वजनाने जवळपास निम्मा सिलिका आहे. आर्वी-कारंजाच्या टेकड्यांवरचा पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या दगडात मुरतो, दगड कुजतो, त्यातून कपाशीची काळी माती होते आणि सिलिकाचा एक हिस्सा विरघळून ओढ्याला लागतो. सगळा लागत नाही. काही वाटेत दगडाच्या पोकळ्यांतच पुन्हा गोठतो. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर मिळणारे गोटे, ज्यांना लोक वणजाऱ्यांचे दगड झालेले नारळ-सुपाऱ्या मानतात, ते अशाच खनिजभरणीचे नमुने आहेत. उरलेला धाम, बोर, वणा यांतून वर्धेत, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहितेत, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत. तिथून बंगालचा उपसागर.

गोदावरीच्या मुखाशी प्रवाळभित्ती नाही. गाळ आणि गोडं पाणी दोन्ही प्रवाळाला मानवत नाहीत. पवनारच्या दगडातला सिलिका थेट मन्नारच्या रांजणात जातो असं म्हणणं ही अतिशयोक्ती होईल. समुद्रात पोचताच त्याच्यावर पहिली झडप डायटम घालतात, काचेच्या डबीत राहणारं सूक्ष्म शैवाल. स्पंजाला त्यांच्या उष्ट्यावर भागवावं लागतं. नेहमीच असं नव्हतं. ज्युरासिक काळात जर्मनी, फ्रान्स, स्पेनच्या भागात सिलिकामय स्पंजांनीच भित्ती बांधल्या होत्या, जाडजूड कंटिकांच्या. मग डायटम माजले, उथळ समुद्रातला सिलिका घटला आणि तसे सांगाडे दिसेनासे झाले. १९९९ मध्ये स्पेनच्या मान्वेल माल्दोनादो यांनी भूमध्य समुद्रातला एक साधा स्पंज सिलिकाने समृद्ध पाण्यात वाढवून पाहिला, तेव्हा त्याने निसर्गात एरवी न बनणाऱ्या, जीवाश्मांत दिसणाऱ्या घाटाच्या कंटिका बनवल्या. कला विसरलेला नव्हता, माल मिळत नव्हता.

धरणं हा माल आणखी अडवतात. डॅन्यूब नदीवरच्या आयर्न गेट्स धरणामागे डायटम वाढून सिलिका तळाशी बसला आणि काळ्या समुद्राला मिळणारा पुरवठा घटला, हे १९९७ साली मांडलं गेलं. अप्पर वर्धा, निम्न वर्धा, बोर, धाम: आपल्याकडेही नदीची पायरी-पायरीने तळी झाली आहेत, आणि थांबलेल्या पाण्यात डायटम आपला वाटा काढून घेतातच. त्यांच्याबरोबर आणखी एकजण वाटेकरी आहे, आणि त्याच्यासाठी समुद्रावर जावं लागत नाही.

गोड्या पाण्यातही स्पंज असतात, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. त्यांचा भारतातला अभ्यास मुंबईत सुरू झाला. हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर १८४० च्या दशकात मुंबई बेटावरच्या तलावांतून स्पंज गोळा करू लागला; १८४९ मध्ये त्याने त्यांचं सविस्तर वर्णन छापलं. स्पंज प्राणी की वनस्पती याबद्दल तेव्हा विद्वानांत एकमत नव्हतं. कार्टरने जिवंत स्पंजाला पाण्यातून रंगाचे कण पाजले आणि ते कुठल्या कोठड्यांत टिपले जातात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कॉन्च रीफवरच्या हिरव्या पिचकारीच्या शतकाहून अधिक काळ आधी, मुंबईच्या तलावातल्या ढेकळाएवढ्या जीवावर. त्याच्या नावाची जात, यूनापियस कार्टेरी, भारतभरच्या तळ्यांत, कालव्यांत, विटांच्या बांधांवर आणि बुडालेल्या फांद्यांवर आढळते. पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक झालेल्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९११ साली गोड्या पाण्यातले स्पंज आणि इतर काही प्राणी यांच्यावर ग्रंथ लिहिला; त्यांचं बरंच निरीक्षण कलकत्त्याच्या म्युझियमच्या आवारातल्या तळ्यावरचं होतं.

समुद्री रांजणाला जे कधीच करावं लागत नाही ते या छोट्या भावाला दरवर्षी करावं लागतं: उन्हाळा काढणं. हिवाळ्यात तो जोमात असतो. पाणी तापू लागलं, आटू लागलं की त्याच्या पेशी गोळा होऊन मोहरीहूनही बारीक गोळ्या बनवतात. या गोळ्यांना जेम्यूल म्हणतात. आत अन्नाने भरलेल्या पेशी, भोवती चिवट कवच, आणि कवचात काचेच्या सुयांचा भराव. मूळ स्पंज मरून सुकतो, जेम्यूल मागे राहतात. विदर्भातला मे त्यांच्यावरून जातो. पावसाचं पाणी चढलं की कवचातल्या एका छोट्या भोकातून पेशी बाहेर सरपटतात, फांदीला चिकटतात, नळ्या-कोठड्या मांडतात आणि उपसा सुरू होतो. शेजारच्या जेम्यूलमधून आलेले भाईबंद भेटले तर त्यांच्यात मिसळून जातात.

शोधायचा असेल तर एप्रिलमध्ये, पाणी उतरलं की, जलाशयाच्या काठावर उघड्या पडलेल्या बाभळीच्या खुंटांकडे किंवा जुन्या पुलाच्या दगडांकडे पाहावं. करड्या-पिवळट, ठिसूळ, वाळल्या चिखलासारख्या खपल्या दिसतात. भिंग लावलं तर त्यांत खसखशीसारखे दाणे दिसतील. नखाने खरवडू नये आणि तो हात डोळ्यांना तर मुळीच लावू नये. सुकल्यावर सुया मोकळ्या होतात आणि चांगल्याच टोचतात. ब्राझीलमधल्या एका नदीकाठच्या गावात मुलांच्या डोळ्यांना इजा होऊ लागली तेव्हा कारण म्हणून गोड्या पाण्यातल्या स्पंजाच्या कंटिकाच सापडल्या होत्या. त्याच खोऱ्यातल्या जुन्या कुंभारांना मात्र त्यांचा उपयोग ठाऊक होता: मडकं भाजताना तडकू नये म्हणून ते सुकलेल्या स्पंजाची राख मातीत मळत.